राज्य गेल्यानंतरची अक्षरं

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनावरून रात्री सुटणाऱ्या गाडीचं नाव उळवन एक्स्प्रेस. उळवन म्हणजे शेतकरी. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर अंधारात पाण्याचे चौकोन चमकत होते. भातखाचरं होती ती. कावेरीच्या फाट्यांनी, कालव्यांनी चिरत गेलेला हा सगळा मुलूख तांदळाचा. गाडीला हे नाव का दिलं, ते तंजावर यायच्या आतच कळलं.

हातात एकच दिवस होता. रात्री याच गाडीनं परत फिरायचं होतं. बरोबर कुणी नव्हतं आणि वाहनही करायचं नव्हतं. जुनं तंजावर पायी फिरता येण्याएवढंच आहे: नैऋत्येला मोठं देऊळ, ईशान्येला राजवाडा, त्यांच्यामध्ये चार राजवीदी, म्हणजे राजरस्ते, आणि त्यांना जोडणारे बोळ. डिसेंबर संपत आला होता. तमिळ महिना मार्गळीचा. बायका अंगणं सारवून, ओल्या मातीवर तांदळाच्या पिठीचे मोठे कोलम काढत होत्या. कोलमच्या मध्यावर शेणाचा गोळा आणि त्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. कुठल्याशा देवळाच्या कर्ण्यावरून तिरुप्पावैची पदं ऐकू येत होती. स्टेशनसमोर स्टीलच्या डबऱ्यातली कॉफी घेतली आणि गांधीजी रोडनं निघाले. वाटेत रुंद कालवा लागतो. त्याला इथले लोक ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी म्हणतात. कावेरीच्या पाण्याचा हा कालवा मेट्टूर धरणाच्या काळातला, गेल्या शतकातला. हजार वर्षांच्या देवळाकडे जाताना नव्या नदीचा पूल ओलांडावा लागतो.

मी एका भिंतीसाठी आले होते. पुण्यात मोडी लिपी शिकताना आमच्या शिक्षकांनी सांगितलं होतं, की दगडावर कोरलेल्या मराठी मजकुरांतला सर्वांत मोठा मजकूर महाराष्ट्रात नाही, तंजावरात आहे. आणि तोही चोळांच्या देवळात. तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं.

बृहदीश्वराला इथं कुणी बृहदीश्वर म्हणत नाही. ‘पेरिय कोविल’, मोठं देऊळ. खंदक ओलांडला की एकामागून एक तीन दरवाजे लागतात. पहिला मराठ्यांच्या काळातला. दुसरा केरळांतकन, राजराज चोळानं केरळ जिंकल्यावर घेतलेल्या बिरुदाचा. तिसरा त्याच्याच नावाचा, राजराजन. म्हणजे काळाच्या उलट्या दिशेनं चालत आपण १०१० सालात पोचतो. पुढं नंदी, तोही नंतरचा, मराठ्यांच्या आधी इथं राज्य करणाऱ्या नायकांच्या काळातला. आणि त्याच्यामागे सुमारे दोनशे सोळा फूट उंचीचं, ग्रॅनाइटचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. आसपास मैलोन् मैल भाताची गाळवट जमीन, हा दगड इथला नव्हेच. या देवळाची सावली जमिनीवर पडत नाही असं एक गाइड एका कुटुंबाला सांगत होता. सकाळचे सात वाजले होते आणि ती सावली फरसबंदीवरून थेट वायव्येच्या ओवरीपर्यंत लांबली होती. अशा दंतकथेची या वास्तूला गरज नाही.

मी खाली बघत चालले होते, कारण इथं वाचायचं ते खाली आहे. विमानाचा सगळा पाया तमिळ अक्षरांनी भरला आहे. मला तमिळ वाचता येत नाही, पण या लेखांत काय आहे ते छापून आलेल्या भाषांतरांतून माहीत होतं. राजराज सांगतो, की आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं इथं दगडावर कोरा. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. शब्द आपलाच वाटतो. मग सुरू होते ती यादी. सोन्याचे दागिने, त्यांचं वजन, त्यात किती मोती, किती माणकं. देवळासाठी वेगवेगळ्या गावांहून आणलेल्या चारशे नर्तकींची नावं, कुठल्या आळीत कुणाला कितवं घर दिलं तेसुद्धा. तोलण्याच्या वजनाला आणि धान्याच्या मापालाही नाव होतं, आडवल्लान. नाचण्यात निपुण असा तो, शिव. धान्य मोजतानासुद्धा हातात नटराज. राज्य शिखरावर असताना इतक्या निश्चिंत हातानं हिशेब लिहिणारा राजा मला दुसरा आठवत नाही.

आणि तरी हे गाव त्याला विसरलं. देऊळ कुणी बांधलं याच्या भलत्याच कथा पुढं चालू होत्या. १८८० च्या दशकात हुल्त्श या जर्मन पंडितानं पायावरचे लेख वाचले, तेव्हा राजराजाचं नाव पुन्हा पुढं आलं. अक्षरं रोज येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होती, उघडी होती, कुणी पुसली नव्हती. वाचणारा तेवढा नव्हता.

माझी भिंत नैऋत्येला होती. देवळाभोवती दुमजली ओवरी फिरते. तिच्यात ओळीनं शिवलिंगं मांडली आहेत आणि त्यांच्यामागच्या भिंतीवर रंगवलेली चित्रं. कोपऱ्याकडे वळताना पहिल्यांदा फक्त खरबरीत दगड दिसला. मग पूर्वेचं ऊन खांबांमधून तिरपं आत आलं आणि दगडावर रेघा उभ्या राहिल्या. शिरोरेघा. देवनागरी.

तमिळनाडूत आल्यापासून चार दिवस कानांवर आणि डोळ्यांवर फक्त तमिळ पडत होतं. दुकानांच्या पाट्या, बसच्या पाट्या, काहीच वाचता येत नव्हतं. त्यानंतर आपली अक्षरं अशी समोर आली तेव्हा घशात काहीतरी अडकलं, हे मी लपवणार नाही. मी बोट न लावता, हवेत बोट फिरवत वाचायला लागले. मजकूर सोपा नाही. शब्द तोडलेले नाहीत, संस्कृत वळणाची दरबारी मराठी, काही ठिकाणी दगड झिजलेला. पण नावं सापडत गेली. भोसल्यांच्या कुळाचा हा इतिहास, ‘भोसलेवंशचरित्र’. मालोजी, शहाजी, शिवाजी. मग शहाजीराजांचे आणखी एक पुत्र व्यंकोजी, ज्यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. आणि त्यांच्यापासून पुढची तंजावरची शाखा, थेट दुसऱ्या सरफोजीराजापर्यंत. शके १७२५, म्हणजे १८०३. सरफोजीचे चिटणीस बाबूराव यांनी हा मजकूर तयार केला.

पण हे साल आधीच्या एका सालाशेजारी ठेवून पाहावं लागतं. ऑक्टोबर १७९९ मध्ये सरफोजीनं इंग्रजांच्या कंपनीशी तह केला. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. त्याच्याकडे राहिला तो किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा नाण्यांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. वय बावीस. गादीवर बसून दीड वर्षही झालं नव्हतं. त्यानंतर चार वर्षांनी त्यानं आपल्या घराण्याची बखर दगडावर कोरून घेतली.

राजराजानं सगळं हातात असताना लिहिलं. सरफोजीनं सगळं गेल्यावर. एकाच देवळात पाऊणशे पावलांच्या अंतरावर हे दोन लेख आहेत आणि मी त्या दिवसभर मनानं या दोहोंमध्ये येरझाऱ्या घालत होते. एक सांगतो की माझ्याकडे काय काय आहे. दुसरा सांगतो की आम्ही कोण होतो. मराठी माणसाला तंजावर म्हटलं की ‘मराठ्यांनी दक्षिणेत एवढं राज्य केलं’ हा अभिमान आठवतो. मला या भिंतीपुढं तो अपुरा वाटला. व्यंकोजींनी हा प्रदेश लढून घेतला होता, कावेरीकाठच्या कुळांनी त्याचा सारा भरला होता. राज्य हे असंच असतं. पण राज्य हातून गेल्यावर एका तरुण माणसाला पहिल्यांदा सुचतं ते लिहिण्याचं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

देवळाच्या उत्तरेला, शिवगंगा तलावाच्या बाजूला एक छोटं चर्च आहे, १७७९ चं. सरफोजीला लहानपणी सांभाळणारा, शिकवणारा जर्मन मिशनरी श्वार्ट्झ याचं. तिथं संगमरवरात कोरलेलं एक दृश्य आहे. मरणशय्येवरचा म्हातारा श्वार्ट्झ आणि त्याचा हात धरलेला तरुण राजा. इंग्लंडमधल्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून सरफोजीनं ते करून घेतलं. तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेला हा नऊ वर्षांचा मुलगा. चुलत्यानं, अमरसिंगानं गादी घेतल्यावर त्याला जपलं ते या पाद्र्यानं. १७९८ मध्ये श्वार्ट्झ गेला आणि त्याच वर्षी सरफोजी राजा झाला. गुरूला आपला राज्याभिषेक दिसला नाही.

साडेनऊच्या सुमारास मेल वीदीवर आले. मेल म्हणजे पश्चिम. ही गल्ली संगीताच्या इतिहासात मोठी आहे. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला आजचा जो क्रम आहे, अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंत, तो बांधणाऱ्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांचं घर इथंच. चौघेही सरफोजीच्या दरबारात होते. जवळच बंगारू कामाक्षीचं देऊळ. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी श्यामा शास्त्री तिथं पूजेला होते.

कामाक्षीच्या पायरीशी बसून मी बहिणीला फोन करत होते. भिंत सापडली, वाचता आली, असं काहीबाही. फोन ठेवला तर शेजारी बसलेल्या आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. नऊवारी नव्हे, पण नऊवारीसारखीच काचा मारलेली साडी, नाकात दोन्ही बाजूंना हिरे. त्यांनी मराठीत विचारलं, कुठून आलीस. चाल पूर्ण तमिळ, वाक्य शेवटी वर उचललेलं, पण शब्द मराठी. मी पुण्याचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, घरी चल, कॉफी घे.

घर जवळच. ओटा, मग लांबट अंधारी खोली, मग उघडा चौक. ही माणसं किती पिढ्यांपूर्वी, कुठल्या गावाहून आली ते त्यांना सांगता येईना. कुलदैवत तुळजापूरची भवानी एवढं माहीत. तुळजापूर पाहिलेलं नाही. शाळा तमिळमध्ये झाली, नवऱ्याची नोकरी तमिळमध्ये, सुना तमिळ. मराठी घरात, देवापुढं आणि स्वयंपाकात.

त्यांनी एक वही काढली. सासूनं सुरू केलेली, त्यांनी पुढं लिहिलेली, पाककृतींची. मी हातात घेतली. गोल, वळणदार तमिळ अक्षरं. मला एकही शब्द कळेना. मी ती परत दिली आणि म्हटलं, तुम्हीच वाचा आजी. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या, आणि त्या तमिळ अक्षरांतून मराठी बाहेर आली. डांगर पचडी. उडीद कोरडे भाजायचे, पीठ करायचं, दह्यात कालवायचं, वर हिंगाची फोडणी. आपल्याकडेही उडदाच्या पिठाला डांगरच म्हणतात. मग पिठलं, मग पोळी, मग कटाचं सार. एकेका पदार्थाला त्या थांबून माझ्याकडे बघत, हे तुमच्याकडे आहे का म्हणून. पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याला त्या गंगाळम म्हणाल्या. ते गंगाळ तर आता तमिळचंच होऊन गेलं आहे.

मी त्यांना फोनमधले सकाळचे फोटो दाखवले. देवळात त्या लग्न होऊन आल्यापासून जात आहेत, प्रदोषाला चुकत नाहीत. ती भिंत माहीत होती. “आमच्या राजांचं लिहिलंय तिथं,” म्हणाल्या. पण देवनागरी कधी शिकल्या नाहीत. साठ वर्षं त्या भिंतीजवळून गेल्या, भाषा त्यांच्या तोंडात आणि अक्षरं दगडावर, दोहोंची गाठ पडली नाही. आणि मी त्यांची वही धरून बसले होते, तीच गत. मी म्हटलं, संध्याकाळी पुन्हा जाणार आहे, तुम्ही चला. त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. हल्ली प्रदोषालाही नातू स्कूटरवरून सोडतो. मग नातवानं माझा नंबर घेतला आणि आपला दिला.

राजवाड्यात सगळेजण मनोरे आणि दरबार बघतात. मी ते घाईनं पाहिलं. रंगवलेल्या कमानींखालचा दरबार सुंदर आहे. पण जिथं थांबले ते नायकांच्या जुन्या सभागृहात, दोन मूर्तींपुढं. एक सरफोजीची, संगमरवरी, चॅन्ट्री या इंग्रज शिल्पकारानं घडवलेली, उंच निमुळती टोपी आणि हात जोडलेले. राजा आणि नमस्काराच्या पवित्र्यात. दुसरी ब्राँझची, तिरुवेंकाडूच्या शिवाची. १०११ सालची, म्हणजे देऊळ पुरं झाल्याच्या पुढच्याच वर्षातली. हा शिव नंदीवर रेलून उभा आहे, पण नंदी हरवला आहे. मोकळ्या हवेवर टेकलेली कोपराची ती ढब, डोक्याला पागोट्यासारखी गुंडाळलेली जटा. शेतात पुरलेली ही मूर्ती गेल्या शतकात सापडली. मी तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या.

मग सरस्वती महाल. नायकांच्या काळापासूनचं हे राजघराण्याचं ग्रंथालय सरफोजीनं वाढवलं आणि १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. ताडपत्रं आणि कागद मिळून सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखितं. बहुतेक संस्कृत, मराठी तीन हजारांच्या आसपास. शिवाय मोडी दप्तराची शेकडो बाडं. पाहुण्यांना त्यातलं थोडंसंच काचेआड पाहता येतं, पण तेवढंही पुरेसं होतं. एका कागदावर मोडीतली सलग पळणारी ओळ दिसली आणि मला ‘छ’ लागला, ‘राजश्री’ लागलं.

इथं उभं राहिलं की कळतं, १७९९ नंतरची तेहतीस वर्षं या माणसानं काय केलं. त्यानं छापखाना काढला, नवविद्याकलानिधी नावाचा. त्यात १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ छापली, इसापच्या गोष्टींचं मराठी रूप. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांतलं हे एक. मुंबई-पुण्यात देवनागरी पुस्तकं छापली जायला लागली ती त्यानंतर. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, रोगी डोळ्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तकं हजारोंनी जमवली, अनेकांवर स्वतःची सही केली. काशीयात्रेला गेला तिथूनही पोथ्या आणल्या. आणि मला सर्वांत भावलं ते म्हणजे त्याचं ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ प्रकार, डोंगरातली भविष्य सांगणारी बाई त्यात येते. सरफोजीच्या नाटकात ही बाई जगाचा भूगोल सांगते. कोणते खंड, कोणते देश, कोणती शहरं. ज्याचा स्वतःचा मुलूख किल्ल्याच्या भिंतींएवढा उरला, तो सगळी पृथ्वी मराठीत गाऊन दाखवतो.

नाटकाची ही परंपरा त्याची एकट्याची नव्हे. व्यंकोजींचा मुलगा दुसरा शहाजी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ लिहीत होता. विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ सांगलीत १८४३ साली झालं, हे आपण शाळेत पाठ करतो. त्याच्या आधी दीडशे वर्षं तंजावरात मराठी नाटकं लिहिली जात होती. याच शहाजीनं तेलुगूतही लिहिलं. या दरबारात भाषा एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसत. रामदासी कीर्तनकारांचं इथं ऐकून ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ हरिकथेला घाट दिला. त्या कथेत आजही साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही वृत्तं गातात. श्रोत्यांना ती मराठी आहेत हे ठाऊक असो वा नसो.

दुपारी केळीच्या पानावर जेवले. सांबाराची आणि संभाजीराजांची ती प्रसिद्ध गोष्ट वाढप्यानं सांगितली. तिला कागदोपत्री आधार मला कुठं सापडलेला नाही, म्हणून इथं लिहीत नाही. तीन वाजता पूर्वेच्या वेशीकडे, कीळ वासलला गेले. तिथं एका उंचवट्यावर नायकांच्या काळातली बावीस टनांची तोफ पडून आहे. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या आणि वरून कडी, तापवून ठोकून एकजीव केलेल्या. तिच्यावर हात ठेवला तर उन्हानं चटका बसला. खाली वस्तीतली पोरं क्रिकेट खेळत होती आणि चेंडू तोफेखाली गेला की एकजण सरपटत जाऊन काढून आणत होता.

परत मोठ्या देवळाकडे येईपर्यंत पाच वाजले. या देवळाशी भोसल्यांचं नातं राज्यानंतरही उरलं. १८५५ मध्ये सरफोजीचा मुलगा दुसरा शिवाजी पुरुष वारसाविना वारला आणि कंपनीनं किल्ला आणि नावही घेतलं. राणी कामाक्षीबाई थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढल्या. १८५९ मध्ये कौन्सिलनं, हे राज्याचं कृत्य आहे, आम्हाला त्यात पडता येत नाही, असं सांगून दावा फेटाळला. पण या देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त अजूनही तंजावरचे भोसलेच आहेत; अशी अठ्ठ्याऐंशी देवळं त्यांच्या देवस्थानाकडे आहेत.

अंगणात माणसं भरली होती. विमानाचा दगड मधासारखा झाला होता. नैऋत्येची ओवरी मात्र आता अंधारली होती आणि सकाळी उभी राहिलेली अक्षरं पुन्हा दगडात बुडाली होती. मी फोनचा दिवा लावून भिंतीला अगदी कडेनं, तिरपा धरला. शिरोरेघा वर आल्या. दुसऱ्या हाताला दुसरा फोन नव्हता, म्हणून शेजारी फोटो काढत असलेल्या एका कॉलेजच्या मुलीला खुणेनं विनंती केली. तिनं दिवा धरला, जसा हवा तसा, न हलवता. मी माझ्या फोनवर आवाज टिपायला सुरुवात केली आणि वाचू लागले. जिथं दगड झिजला होता तिथं थांबले, जिथं अडखळले तिथं पुन्हा मागे आले. मालोजी. शहाजी. शिवाजी. व्यंकोजी. तीन-चार मिनिटं झाली असतील. त्या मुलीनं तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी भिंतीकडे बोट करून ‘मराठी’ म्हटलं. तिनं मान हलवली आणि दिवा आणखी जवळ आणला.

ते आजींच्या नातवाला पाठवलं आणि खंदकाकडून स्टेशनच्या वाटेला लागले. नव्या नदीच्या पुलावर असताना फोन वाजला. आवाजाचाच निरोप होता. मागे भांडी, टीव्ही, कुणाचं तरी तमिळ. मग आजी म्हणाल्या, व्यंकोजी कळलं, पुढचं पळालं. उद्या परत धाड, जरा सावकाश वाच.